उजवा चाप

दर शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास रूबेनकाका पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि डोक्यावर गोल टोपी अशा थाटात आपल्या उघड्या मोटारीत जाऊन बसत आणि साडेबारापर्यंत बसूनच राहत. गाडी बंद. किल्ली घरात खुंटीवर. स्टिअरिंगला बोटही लावायचं नाही. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर तलावाच्या दिशेला. गल्लीत नवीन माणूस आला की तो हटकून थांबायचा. "काका, कुठं निघालात?"

"कुठंच नाही. आज शनिवार."

शनिवारचा आणि कुठेही न जाण्याचा संबंध काय, हे कोडं डोक्यात घेऊन बिचारा निघून जायचा.

संबंध होता. रूबेनकाका चिंचवलीकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पनवेलमध्ये ही मंडळी कित्येक पिढ्यांची. घरात मराठी, आडनावं आसपासच्या गावांवरून घेतलेली, बांगड्याच्या कालवणात नारळ आमच्याइतकाच. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही. इंजिनात ठिणगी पडते, ठिणगी म्हणजे विस्तव, म्हणून शनिवारी गाडी बंद, असा काकांचा हिशेब. "पण नुसतं बसायला ठिणगी लागत नाही ना, बाई," असं ते वर म्हणायचे.

बाई म्हणजे मी. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि काकांच्या समोरच्या घरात राहत होते. आमचे हे रोज सकाळी सहाच्या एस.टी.ने मुंबईला जात आणि रात्री येऊन जेवून झोपत. त्यामुळे दिवसाउजेडी माझ्या नवऱ्यापेक्षा रूबेनकाकांचंच तोंड मला जास्त दिसायचं. मी हे आमच्या ह्यांना एकदा बोलूनही दाखवलं. "मग काकांनाच सांग गॅसचा नंबर लावायला," असं म्हणून ते कुशीवर वळले.

ती गाडी सत्तेचाळीस सालची, विलायती, दोन दारांची. वर पत्र्याचं छत नाही. कापडी हूड हवं तेव्हा ओढून घ्यायचं, नको तेव्हा मागे घडी घालायची. एका मिठागरवाल्यानं ती हौसेनं आणली होती. हौस फिटली, मिठागर विकलं आणि गाडी फिरत फिरत विचुंब्याच्या बाळाराम भोईराच्या अंगणात जाऊन थांबली ती कायमचीच. रूबेनकाका तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या मोटार वर्कशॉपमधून फोरमन म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. कुणाच्या तरी लग्नाला विचुंब्याला गेले आणि तिथे त्यांना शेवग्याखाली ही दिसली. आत चौदा कोंबड्या होत्या.

"गारी नाय ती, काका," बाळारामनं त्यांना समजावलं म्हणे. "खुरारं हाय. आमी तिच्यात कोंबऱ्या ठेवतो."

काकांनी त्याला नवीन खुराडं बांधून दिलं आणि गाडी बैलगाडीला बांधून पनवेलला आणली. सोबत एक लाल कोंबडीही आली. तिला घर बदलणं मान्य नव्हतं. पुढचे चार महिने ती डॅशबोर्डाच्या कप्प्यात अंडी घालत होती आणि काका ती रोज सकाळी इमानानं बाजूला काढून मग पाना हातात घेत होते. ती गेली तेव्हा त्यांनी तिची बरोबर नऊ पिसं काढून एका डबीत ठेवली. कशाला, म्हणून मी विचारलं. कार्ब्युरेटरची बारीक भोकं साफ करायला कोंबडीच्या पिसासारखी वस्तू नाही म्हणाले.

पुढची चार-पाच वर्षं आमच्या गल्लीनं त्या गाडीचा जन्म पाहिला. उघडी म्हणून गल्लीनं तिचं नाव टकली ठेवलं. काका दुखावले जायचे. "टकली नाही हो, हूड उतरवलेलं आहे," असं प्रत्येकाला सांगायचे. हूडचं कापड त्यांनी बंदरावर होड्यांची शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून शिवून घेतलं. त्या म्हाताऱ्यानं सवयीनं त्याला दोरखंडाची भोकं पाडली. ती बुजवण्यात एक उन्हाळा गेला. गाडीत जेवढे म्हणून स्क्रू होते, त्या सगळ्यांच्या डोक्यावरच्या खाचा उभ्याच हव्यात, हा एक नाद. एक जरी खाच तिरकी दिसली तरी काकांना जेवण जात नसे. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि बोलता बोलता खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून आमच्या स्विचबोर्डाचे चारही स्क्रू सरळ करून गेले. आमचे हे रात्री आले, पंखा लावला तर पंखा लागेना.

इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी काकांनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, पाच तऱ्हेची फळं. एलियाहू हन्नबी म्हणजे त्यांच्यातले मोठे प्रेषित, आभार मानायचे असले की त्यांच्या नावानं हा करतात. हे प्रेषित अलिबागेकडच्या एका खडकावरून रथासकट स्वर्गात गेले, चाकांच्या खुणा अजून आहेत, अशी या मंडळींची श्रद्धा. काकांनी खुणा स्वतः बघितल्या होत्या. "बाई, मी वाकून नीट पाहिल्या. वळणावर ब्रेक मारलेला नाही. आणि रथाला हूड नव्हतं, हेही लक्षात घ्या." हे सांगताना चेहऱ्यावर हसू असलं तर शपथ.

पण काकांचा खरा जीव होता गिअरवर. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स हट्टी. एका दमात गिअर बदलायला गेलं की आत दाताला दात लागून कडाकड वाजतं. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, क्षणभर थांबायचं, मग पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. या मधल्या क्षणाला काका फार मानत. त्यांचा एक भाचा परदेशातून आला, त्यानं आपल्या गाडीचा फोटो दाखवला. आपोआप गिअर बदलणारी.

"मग ड्रायव्हर काय करतो?" काकांनी विचारलं.

"बसतो, मामा."

"बसायला माझ्याकडे घरी खुर्ची आहे."

आणि मोटारीबाहेरही तेच. नळावर भांडण लागलं, दोन घरांत कचऱ्यावरून जुंपली, की काका हातातलं फडकं खांद्यावर टाकून मधे उभे राहायचे. "न्यूट्रलला जरा थांबा." भांडणारे थांबायचे, निदान न्यूट्रल म्हणजे काय ते विचारायला तरी. माझं आणि ह्यांचं एकदा फ्रिज घेण्यावरून कडाक्याचं वाजलं. खिडकीतून काकांचा आवाज आला, "बाई, थेट चौथ्यातून पहिल्यात टाकताय तुम्ही." फ्रिज दिवाळीनंतर आला.

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. त्या काळी पनवेलात गाडी चालवणाऱ्या बायका मोजून दोन-तीन, आणि त्यातली कुणीही छत नसलेल्या गाडीत बसून सगळ्या गावाला आपलं घामाघूम तोंड दाखवत चालवत नव्हती. वडाळे तलावाच्या कडेनं मी पहिला गिअर टाकला, तो असा वाजला की काठावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "बाई, काय मोडलं?" काकांनी डोळे मिटून घेतले होते. मला ओरडले नाहीत. गाडीच्या दाराला हलकेच थोपटून तिला म्हणाले, "शिकतायत अजून."

शुक्रवार मात्र टकलीचा सणाचा दिवस. सूर्य मावळला की शब्बाथ सुरू, म्हणून दुपारी तीनपासून काका म्हाताऱ्यांना प्रार्थनेसाठी गोळा करायला निघायचे. त्यांच्या समाजातली तरुण माणसं बहुतेक सगळी इस्राएलला निघून गेली होती. उरले होते ते साठीच्या पुढचे. कुणी बंदर रोडला, कुणी स्टँडच्या मागे, दोघे आपट्याहून एस.टी.नं येणारे. पुढच्या सीटवर नेहमी आरोनकाका. वय ब्याऐंशी, गुडघे वाकत नाहीत. बंद गाडीत त्यांना कोंबावं लागे. टकलीत उभ्या उभ्या शिरून मग सावकाश खाली बसता येई, म्हणून ती सीट त्यांची आणि त्यावर कुणी हक्क सांगायचा नाही. पावसाळ्यात हूड लावता येत नसे म्हणून सगळे छत्र्या उघडून बसत. पाच काळ्या छत्र्या रस्त्यानं डुलत चालल्या आहेत आणि खालून गाडीचा भोंगा वाजतोय, हे दृश्य बघायला लोक दुकानातून बाहेर यायचे. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, म्हणून लांबची मंडळी काकांच्याच ओटीवर पथाऱ्या पसरत आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की परत जात. तोवर काकांच्या घरात नुसता हसण्या-खोकण्याचा गलका असे. एरवी आठवडाभर त्या घरातून फक्त पान्याचा आवाज यायचा. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी दीना लग्न करून तिकडे अश्दोदला होती.

हूड होतं तर छत्र्या कशाला? इथे येतो उजवा चाप. हूड पुढे ओढलं की ते काचेच्या चौकटीला दोन पितळी चापांनी पकडून ठेवायचं असतं. एक डावा, एक उजवा. डावा होता. उजवा नव्हता. तेवढ्यासाठी गाडी पूर्ण झाली नव्हती. लेथवर बनवून घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "बनवलेला आणि असलेला यात फरक आहे," काका म्हणायचे. "दोरीनं बांधा," असं आमचे हे म्हणाले, तेव्हा काका त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आणि या चापावर अडलं होतं काकांचं इस्राएलला जाणं. दीना तीन वर्षं बोलावत होती. पासपोर्ट तयार, माळ्यावर बॅग तयार. काकांनी तिला शब्द दिला होता, "गाडी पूर्ण झाली की येतो." मला हे माहीत होतं, कारण त्यांची पत्रं मीच लिहायचे. आधी ते स्वतः लिहीत, पण ग्रीसचे डाग पडत. दीनानं गमतीनं लिहिलं होतं, की पप्पा, तुमचं पत्र उघडलं की घरभर वर्कशॉपचा वास सुटतो. काकांनी ते मनावर घेतलं आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा रविवारी ते सांगायचे, मी लिहायचे. सगळं पत्र गाडीचं. शेवटचं वाक्य ठरलेलं, "उजवा चाप अजून गाडीला लागलेला नाही." काका खोटं बोलत नसत. त्या वाक्यातही खोटं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी आम्हा शिक्षकांना मतदारयाद्यांचं काम लागलं. मला विचुंबे आलं. बाळाराम भोईराच्या अंगणात मी कागद पसरून बसले, त्याची नवी सून नावं सांगत होती, आणि माझं लक्ष खुराड्याकडे गेलं. दाराला कडीच्या जागी एक पितळी वस्तू. चकचकीत. शंभरदा पाहिलेल्या डाव्या चापाचं आरशातलं रूप.

मी किंचाळलेच. "हे कुठून आलं?"

"काय म्हाईत. मी आले तवाच व्हता," सून म्हणाली. "तुमाला पायजे? घ्या. मी सुतली बांधते."

मतदार तिथेच राहिले. मी चाप पदरात बांधला आणि निघाले. पिशवीत काकांचं त्या महिन्याचं पत्र होतं, टाकायचं राहिलेलं. पोस्टाच्या पेटीपाशी आल्यावर माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. शेवटच्या ओळीखाली जागा होती. तिथे मी लिहिलं, "ताजा कलम. चाप सापडला! मीच शोधला. आता पप्पा येणार." आणि पत्र पेटीत टाकलं. वाटेत पेढेही घेतले.

काकांनी चाप हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. त्यांचा चेहरा उजळेल म्हणून मी पेढ्याचा पुडा उघडून उभी होते. ते एकदम म्हातारे दिसले.

"बसवा ना," मी म्हटलं.

"न्यूट्रलला जरा थांबा, बाई," ते म्हणाले, आणि चाप फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. पेढा खाल्लाच नाही. त्या पत्राचं सांगायचा मला धीर झाला नाही. मंगळवार गेला, गुरुवार गेला. चाप फळीवरच. मला राग आला. एवढं शोधून आणलं, त्याचं काही नाही?

शनिवारी सकाळी नवाच्या सुमारास बाळाराम बाजाराला आला तो थेट माझ्या दारात.

"बाई, चाप तुमी नेला? काका काय बोलले?"

"काही नाही बोलले."

"काय बोलतील? त्यांनीच तितं ठेवलाय तो. तीन वर्सं झाली. मी बोल्लो, काका, तुमचा माल तुमी न्या. तर बोलतात, राऊ दे बाळाराम, कोंबऱ्यांना लागतो. दर दिवालीला येतात, पुसतात, तेल घालतात न जातात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं हा माणूस मला बसवून पत्रं लिहवतोय आणि चाप कुठे आहे ते त्याला ठाऊक! मी चपला घातल्या आणि तशीच सिनेगॉगकडे, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराकडे निघाले. काकांच्या दारात टकली उभी होती, तिच्यात पुढच्या सीटवर आरोनकाका टोपी नाकावर घेऊन घोरत होते. मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सिनेगॉगच्या ओसरीवर पोचले तर आत प्रार्थनेचा आवाज नाही. सगळे म्हातारे बाकांवर मुकाट बसलेले. पुस्तकं मिटलेली, आणि सगळ्यांचे डोळे फाटकाकडे. मला बघून त्यांची निराशा झाली, हे स्पष्ट दिसलं. रूबेनकाका बाहेर आले.

"मला बाळारामनं सगळं सांगितलं," मी म्हटलं.

"बाई, जरा थांबा. दहावा आलेला नाही."

"कोण दहावा?"

"दहा पुरुष जमल्याशिवाय पेटीतला धर्मग्रंथ बाहेर काढता येत नाही, वाचता येत नाही. आरोन मागून येतो म्हणाला, आलाच नाही. कुठे पडला-बिडला की काय. शोधायला कुणाला पाठवावं, तर इथे आणखी कमी होतात."

"ते तुमच्या गाडीत घोरतायत," मी म्हणाले, आणि रागातच परत वळले.

आरोनकाकांना मी हलवून उठवलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "पोचलो का आपण?"

"नाही, गाडी बंद आहे."

"मला वाटलंच, आज फार हळू चाललाय रूबेन."

त्यांचा दंड धरून, पावलापावलानं, मी त्यांना सिनेगॉगपर्यंत आणलं. ते उंबरा ओलांडून आत गेले आणि त्या खोलीत जे काही झालं ते मी विसरणार नाही. नऊ म्हातारे एकदम ताठ झाले. पुस्तकं उघडली. कुणी आरोनकाकांना शिव्या दिल्या, कुणी पाठीवर थाप मारली, पेटीचा पडदा सरकला आणि सगळ्यांचे आवाज एकदम उठले. मी ओसरीवर उभी राहून बोटांवर मोजलं. दहा. मग रूबेनकाकांना सोडून मोजलं. नऊ. एवढी साधी वजाबाकी करायला मला तीन वर्षं लागली होती.

प्रार्थना संपल्यावर काका माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले. माझा राग केव्हाच उतरला होता.

"दीनाला सरळ सांगा ना," मी म्हटलं. "समजेल ती."

"सांगितलं की ती विचारेल, मग कधी येणार? काय सांगू? यांच्यातला एखादा गेला की मग मी मोकळा, असं?" त्यांनी आत पाहिलं. आरोनकाका कुणाला तरी आपण झोपलोच नव्हतो हे पटवून देत होते. "आरोनच्या शेजारी बसायचं आणि त्याच्या जाण्याची वाट बघायची, असं होईल ते. त्यापेक्षा चापाची वाट बघितलेली बरी, बाई."

मग मी पत्राचं सांगितलं. ताजा कलम शब्दान् शब्द सांगितला. काकांनी टोपी काढली, तिच्यात बघितलं, पुन्हा घातली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"शब्द दिलाय मी तिला," एवढंच म्हणाले.

पुढचे तीन-चार आठवडे गल्लीला सुतक आल्यासारखं होतं. काकांनी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली. एके दिवशी मला बोलावून टकलीचा चोक कसा ओढायचा ते दोनदा समजावलं. "शुक्रवारी तुम्हाला वेळ होईल ना, तीन वाजता?" मी हो म्हटलं आणि घरी येऊन रडले. आमचे हे जेवता जेवता म्हणाले, "नऊच आणणार ना तू पण? उपयोग काय?" आयुष्यात एकदाच त्यांचं डोकं योग्य वेळी चाललं आणि तेही अशा ठिकाणी. चाप फळीवरच होता. काका रोज तो उलगडून बघत, पण लावत नसत. तिचं उत्तर आलं की लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

उत्तर बुधवारी आलं. काकांचे हात ग्रीसचे, म्हणून त्यांनी ते मला वाचायला दिलं. तेवढं निमित्त. मी बोनेटला टेकून मोठ्यानं वाचायला लागले.

"पप्पा, चाप सापडला हे वाचून मी दोन दिवस नाचत होते. शेजारी सांगून आले. मग शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावताना सगळ्यांची नावं घेतली, लहानपणी घ्यायचे तशी. आरोनमामा, मग आपट्याचे दोघे, मग बाकीचे. घेता घेता मोजलं गेलं. पप्पा, तुम्ही इकडे आलात तर तिथे किती उरतात, हे तुम्ही मला कधीच का नाही लिहिलंत? चाप लावू नका. जिथे होता तिथे ठेवून या. मार्चमध्ये मीच येते, महिनाभर राहीन. तिथल्या नऊही जणांना माझा शालोम सांगा. आणि पुढचं पत्र तुम्ही स्वतः लिहा. बाईंचं अक्षर सुंदर आहे, पण त्याला काही वास येत नाही."

काकांनी पत्र माझ्या हातून घेतलं, ग्रीसच्या हातांनीच, आणि मनातल्या मनात पहिल्यापासून वाचलं. पत्रावर चारही बोटं उमटली. मग त्यांनी ते घडी घालून डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठेवलं, त्या लाल कोंबडीच्या जागी.

रविवारी आम्ही विचुंब्याला गेलो. गाडी मी चालवली. काका शेजारी, मांडीवर फडक्यात चाप. बाळारामनं सुतळी सोडली, काकांनी चाप खुराड्याला लावला, उघडून-मिटून पाहिला, दोन थेंब तेल सोडलं. स्क्रूच्या खाचा उभ्या आल्यात याची खात्री केली. बाळारामच्या सुनेनं आम्हाला सहा अंडी दिली. तिला या सगळ्यातलं काहीच कळलं नव्हतं, पण ती फार खुशीत होती.

परतताना गाढी नदीच्या पुलाच्या चढावर मी घाई केली. न्यूट्रलला थांबलेच नाही. गिअर असा कडाडला की पुलावरच्या माणसानं सायकल थांबवून मागे पाहिलं. मी जीभ चावली आणि काकांकडे बघितलं. ते समोर बघत होते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

पूल संपला, चढ संपला. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे वळले, जरा काळजीत.

"बाई, दीनाला मागच्या सीटवर बसलेलं चालत नाही, मळमळतं. मार्चमध्ये शुक्रवारी आरोनला मागे बसवावं लागेल. ऐकेल का हो तो?"